बाजार भरलेला असताना घरात भूक कशी शिरते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मंदी आहे, लोकांची कामं सुटली आहेत, पण दुकानं मालाने भरलेली आहेत आणि भावही फारसे चढलेले नाहीत. मग भूक वाढली म्हणतात ती खरी की नुसती बोलाची? खरी असेल तर तुमच्या दहा-बारा जणांच्या गटाने जमवलेल्या पैशांतून अन्न वाटावं की रोख द्यावी, आणि कोणाला? तुम्ही दोन-तीन वस्त्यांत फिरून आलात, तर बहुतेकांनी "आमचं ठीक चाललंय" असंच सांगितलं, आणि तिथे तुमचा गोंधळ उडाला.

मी वीसेक वर्षं घरोघरच्या पाहण्या आणि पोषणाचं मदतकार्य यांत काढली आहेत. तुम्ही विचारलेत तीन प्रश्न, पण गाठ एकाच ठिकाणी बसली आहे. तुम्ही भूक शोधायला गेलात आणि ती दिसली नाही. मंदीतली भूक सुरुवातीचे बरेच महिने दिसतच नाही. त्या काळात घर ती टाळण्यासाठी काय काय करतंय ते दिसतं, फक्त कुठे बघायचं ते ठाऊक असावं लागतं. म्हणून आधी ती घरात शिरते कशी ते सांगतो. अन्न की रोख याचं उत्तर त्यातूनच निघतं.

धान्य बाजारात असणं वेगळं आणि ते विकत घेता येणं वेगळं. बरीच वर्षं जाणकारही दुष्काळ म्हणजे धान्याचा तुटवडा असंच धरून चालत. अमर्त्य सेन यांनी 1981 मध्ये ही समजूत मुळापासून हलवली. त्यांनी तपासलेल्या दुष्काळांपैकी 1943 चा बंगालचा सर्वांना माहीत असतो, पण तुमच्या प्रश्नाला जवळचा आहे तो 1974 चा बांगलादेशातला. त्या वर्षी तिथे दरडोई धान्य 1971 ते 1975 या पाच वर्षांत सर्वांत जास्त होतं. पुरामुळे शेतावरची कामं बुडाली, मजुरी धान्याच्या भावामागे फरफटत राहिली, आणि सगळ्यात जास्त फटका बसला तो मजुरांना. कोठारात माल होता, त्यावर हक्क सांगण्याची ऐपत या माणसांच्या हातातून गेली होती. मंदीत हेच सौम्य रूपात आणि संथपणे घडतं. माणसं रस्त्यात पडत नाहीत, म्हणून बातमीही होत नाही.

आता एका घराचा हिशेब मांडू. महिन्याची कमाई 100 भाग धरा. त्यातले 55 अन्नावर जातात, 20 घरभाड्यावर, 15 कर्जाच्या हप्त्यावर आणि 10 प्रवास, औषधं, शाळा यांवर. हातावर पोट असलेल्या घरात अन्नाचा हिस्सा इतका मोठा असतोच. गरिबी जितकी जास्त तितका खर्चातला अन्नाचा वाटा मोठा, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी 1857 मध्येच दाखवलं होतं. समजा कमाई 30 टक्क्यांनी घटली. हातात 70 आले. घरमालक आपले 20 सोडत नाही. हप्त्याचे 15 चुकवले तर दंड चढतो आणि वसुलीवाला दारात उभा राहतो. त्या 10 मधून ओढूनताणून 5 वाचतात. अन्नाला राहिले 30. कमाई गेली तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, आणि अन्नाचा पैसा 55 वरून 30 वर, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर आला. बाजारात भाव एका पैशानेही न चढता.

भाड्याला तगादा आहे, हप्त्याला तगादा आहे, शाळेच्या शुल्कालाही आहे. ताटावर तगादा लावायला कोणी येत नाही. म्हणून पोटालाच चिमटा बसतो. हे एकदा लक्षात आलं की मदतीबद्दलचे काही विचार उलटेपालटे होतात. कितीतरी घरांत अन्न देण्यापेक्षा दोन महिन्यांचं भाडं थोपवून धरलं किंवा हप्त्याला मुदत मिळवून दिली तर ताटात जास्त पडतं. तुमच्या गटात कोणी बँकेतलं किंवा कायद्यातलं माणूस असेल तर त्याला अन्नाची पाकिटं भरायला बसवू नका. त्याला घरमालकांशी आणि कर्ज देणाऱ्यांशी बोलायला पाठवा.

अन्नाचा पैसा निम्मा झाला म्हणजे घर लगेच अर्धपोटी राहतं असं मात्र नाही. बाई आधी दर्जा उतरवते. दूध, अंडी, फळं, डाळी कमी होतात, मग जातात. पोट भरेल असं स्वस्त धान्य राहतं. पोट भरलेलं असतं, त्यामुळे "जेवलात का?" या प्रश्नाला "हो" हेच खरं उत्तर असतं. पुढच्या पायरीवर मोठ्यांची वाढप कमी होते, त्यानंतर एक वेळ गळते. मुलांचं पोट शेवटपर्यंत राखलं जातं, आणि ते बहुतेक आईच्या वाटणीतून.

इंडोनेशियात हे मोजलं गेलं आहे. 1997-98 च्या आशियाई आर्थिक संकटात तिथली अर्थव्यवस्था 1998 या एका वर्षात सुमारे 13 टक्क्यांनी आकसली आणि तांदूळ भयंकर महागला. मध्य जावाच्या ग्रामीण भागात त्या काळात पोषणाच्या पाहण्या चालू होत्या. मुलांची वजनं फारशी घसरली नव्हती. नुसत्या वजनकाट्यावर नजर ठेवून बसलेला म्हणाला असता, निभावलं. पण आया वाळल्या होत्या, आणि मुलांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन उतरलं होतं. घरांनी भात राखला आणि अंडी-भाज्या सोडल्या.

मला हे कळायला कागदावरचा अभ्यास पुरला नाही. लहान मुलांचा दंड मोजायची एक रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड 125 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भरला तर हिरवा, 115 ते 125 मध्ये पिवळा, 115 च्या खाली लाल. एका पाहणीत एका ओळीतल्या सगळ्या घरांत मुलं हिरव्यात आली आणि आम्ही खुशीत निघालो. आमच्या गटातली एक नवशिकी मुलगी मागे रेंगाळली होती. शेवटच्या घरातल्या आईला तिने सहज म्हटलं, तुमचाही दंड बघू. त्या बाईने हात पुढे केला. बाही दोन्ही बाजूंनी आत घेतलेली होती, नव्या टाक्यांचा धागा कापडाच्या रंगाशी जुळतसुद्धा नव्हता. कपडे सैल व्हायला लागले म्हणून तिने घरीच शिवून घेतले होते. आम्ही त्या ओळीत परत मागे गेलो आणि आयांचे दंड मोजले. आधीच्या दोन तासांत भरलेले फॉर्म खोटे नव्हते, पण त्यांनी घरातल्या चुकीच्या माणसाला विचारलं होतं.

तेव्हा वस्तीत जाल तेव्हा मुलाकडे बघा, पण त्याच्या आईकडे बघितल्याशिवाय निघू नका. गरोदर किंवा अंगावर पाजणारी असेल तर दुप्पट लक्ष द्या. गर्भधारणेपासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंतचे साधारण हजार दिवस असे असतात की तिथे पडलेला खड्डा पुढे पुरता भरून निघत नाही. मंदी दोन वर्षांत उठते, त्या वेळी जन्मलेल्या मुलाची उंची खुंटली ती खुंटली.

दुसरी जागा जिथे बघायचं ती म्हणजे घरातून गेलेल्या वस्तू. याची एक आठवण सांगतो, आणि चूक आमचीच होती. शिवणकाम करणारं एक जोडपं होतं. ऑर्डरी बंद झाल्या होत्या. आमच्या फॉर्मवर प्रश्न होते जेवणाचे. तीन वेळा जेवतात, मुलं शाळेत जातात, आम्ही शेरा मारला, "अडचण नाही". निघताना मला फरशीवर चार गंजके डाग दिसले, चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर असावेत तसे. शिलाई मशीनच्या पायांचे. मशीन दोन आठवड्यांपूर्वी विकलं होतं, तेही निम्म्या किमतीत, कारण त्या महिन्यात सगळेच विकत होते. ते घर तीन वेळा जेवत होतं, पण जेवत होतं ते मशीन. सात महिन्यांनी ऑर्डरी परत आल्या तेव्हा तो माणूस दुसऱ्याच्या मशीनवर नगावर शिवत होता.

याच्या बरोब्बर उलटही घडतं. 1984-85 मध्ये सुदानच्या दार्फुर भागात दुष्काळ पडला. तिथे फिरून अभ्यास करणाऱ्या ॲलेक्स डी वाल यांच्या लक्षात आलं की लोक हातातलं बियाणं आणि जनावरं राखण्यासाठी जाणूनबुजून उपाशी राहत होते. दुष्काळ संपल्यावर जगायचं कशावर, हा त्यांचा हिशेब होता. भुकेला माणूस आधी खातो आणि मग विचार करतो, ही पोट भरलेल्यांची समजूत आहे.

म्हणजे तुमच्यासमोर दोन तऱ्हेची घरं आहेत: एक मशीन विकून जेवणारं, दुसरं मशीन राखून उपाशी राहणारं. नुसतं जेवणाबद्दल विचारलंत तर पहिलं घर निसटतं. नुसत्या वस्तू बघितल्यात तर दुसरं निसटतं, आणि वर तुम्ही म्हणता, "यांच्याकडे मशीन आहे की, यांना कशाला मदत?" दोन्ही विचारावं लागतं.

कसं विचारायचं? "तुम्ही उपाशी आहात का?" असं विचारलं की कोणीही "नाही" म्हणणार. लाज असते, आणि त्या लाजेचा मान राखायला हवा. जगभर मदतकार्यात एक साधी प्रश्नावली वापरतात, पाचच प्रश्नांची. गेल्या 7 दिवसांत किती दिवस असं झालं की नेहमीपेक्षा हलकं, नावडतं पण स्वस्त अन्न खावं लागलं? किती दिवस अन्न किंवा त्यासाठी पैसे उसने घ्यावे लागले? किती दिवस वाढप कमी केली? किती दिवस मुलांना पुरावं म्हणून मोठ्यांनी कमी खाल्लं? किती दिवस जेवणाची एखादी वेळ गाळली? दिवसांच्या आकड्याला वजन लावायचं, म्हणजे तो त्या वजनाने गुणायचा: उसनवारीला 2, मोठ्यांनी कमी खाण्याला 3, बाकी तिन्हींना 1. बेरीज जितकी मोठी तितकं घर जास्त ओढगस्तीत. एकूण 56 पर्यंत जाते. ही गंमत बघा, सगळ्यात जड वजन कोणत्या प्रश्नाला दिलंय.

त्याला दोन प्रश्न माझ्या पदरचे जोडा. "गेल्या तीन महिन्यांत घरातलं काय विकलं किंवा गहाण टाकलं?" आणि "दुकानदाराकडची उधारी किती झाली, आणि तो अजून देतोय का?" हा दुसरा प्रश्न मला फार उपयोगी पडला आहे. दुकानदाराने उधार बंद केलं की त्या घराच्या हातातला शेवटचा दोर तुटतो, आणि पुढच्या पंधरवड्यात तिथलं चित्र पालटतं. दुखणं अंगावर काढणं हीसुद्धा खूणच, पण ती विचारून कळत नाही. औषधाची बाटली किती दिवसांपूर्वी संपली ते विचारा.

विचारताना शेजारपाजारचे लोक गोळा होऊ देऊ नका. बाईशी बाईनेच, शक्यतो चुलीपाशी बसून बोलावं. नवरा बाहेर बसलेला असताना मिळणारं उत्तर आणि नवरा समोर असताना मिळणारं उत्तर, यांत मी इतका फरक पाहिला आहे की पहिली पाच वर्षं गोळा केलेल्या माहितीबद्दल मला अजून खात्री वाटत नाही.

"खरी की बोलाची" याबद्दल थोडं. मोठे आकडे खरे असतात, पण उशिरा येतात आणि बदलतातही. 2009 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जगात 100 कोटींहून जास्त लोक भुकेले असल्याचं सांगितलं, ते बरंचसं अंदाजाच्या गणितावर आधारलेलं होतं. 2012 मध्ये मोजण्याची पद्धत सुधारली तेव्हा ते शिखर बरंच खाली आलं. दुसऱ्या बाजूला, 2020 मध्ये महामारीच्या मंदीने सुमारे 7 कोटी माणसं अतिगरिबीत ढकलली गेली, असं जागतिक बँकेचं अनुमान होतं. 1990 पासून एका वर्षात इतकी वाढ कधी नोंदली गेली नव्हती. आणि एक जोडी लक्षात ठेवा. 2024 साठी संयुक्त राष्ट्रांचा अंदाज सुमारे 67 कोटी भुकेल्यांचा आहे, पण ज्यांना पौष्टिक आहार परवडतच नाही अशांचा अंदाज 260 कोटींचा. तुम्हाला "ठीक चाललंय" म्हणणारे बहुतेक लोक या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात असतात. मात्र तुमच्या वस्त्यांत काय चाललंय ते यांतला कुठलाही आकडा सांगणार नाही. ते तुमच्या पाच अधिक दोन प्रश्नांतूनच कळेल.

आता अन्न की रोख. हे परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि कोणी सरसकट उत्तर दिलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तुम्ही लिहिलंय की दुकानं भरलेली आहेत आणि भाव स्थिर आहेत. एवढ्यावर मी रोख म्हणेन. पैशाने घर आपली नड भागवतं. एखाद्याला धान्य हवं असतं, एखाद्याला भाडं भरून डोक्यावरचं छप्पर वाचवायचं असतं, एखाद्याला मशीन सोडवून आणायचं असतं. पाकीट दिलंत तर ज्याला भाडं भरायचंय तो ते अर्ध्या किमतीला विकतो. ते मी पाहिलंय आणि त्याला दोषही देत नाही. शिवाय तुमचा पैसा त्याच वस्तीतल्या दुकानात जातो, आणि दुकानदार उधारीचं खातं पुन्हा उघडतो.

"पैसे दिले की दारूत जातात" हे तुमच्या गटातलं कोणीतरी म्हणेलच. जागतिक बँकेच्या दोन अभ्यासकांनी 2014 मध्ये वेगवेगळ्या देशांतले बरेच अभ्यास एकत्र करून बघितले. रोख मदतीने दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं त्यांना आढळलं नाही, उलट काही ठिकाणी घटला होता. एखाददुसरं घर निघेल. त्या एका घरासाठी बाकीच्यांच्या हाती पाकीट ठेवणं मला पटत नाही. पैसे बाईच्या हाती गेले तर बरं, हे बहुतेक ठिकाणी खरं ठरतं. पण जिथे त्यावरून तिला मार बसेल अशी शंका असेल तिथे आधी तिलाच विचारा, तिला काय सोयीचं.

भाव आठवड्याला बदलत असतील, बाजार तुटला असेल किंवा दुकानदार संगनमत करून भाव चढवत असतील, तर मात्र रोख हातात विरघळते. तेव्हा अन्न द्या. ज्यांच्याकडे चूलच नाही, म्हणजे बेघर, खोलीतून काढलेले मजूर, एकटे म्हातारे, त्यांना शिजवलेलं लागतं. सामुदायिक स्वयंपाकघराचा एक फायदा असा की यादी करावी लागत नाही, ज्याला गरज आहे तो येतो. तोटाही तिथेच आहे: काल-परवापर्यंत पगार घेणारा माणूस रांगेत उभा राहत नाही, घरी उपाशी बसतो. आणि फोटो काढू नका. एका फोटोमुळे पुढच्या आठवड्यात रांगेतली किती माणसं कमी होतात, ते मोजून बघितलंय आम्ही.

किती द्यायचं? वरच्या हिशेबात खड्डा 25 चा होता. निदान निम्मा तरी भरला पाहिजे, तोही सलग तीन-चार महिने. खूप घरांना एकदाच पाकीट देण्यापेक्षा थोड्या घरांना पुरेसं आणि सलग द्यावं असं माझं मत आहे, कारण घराने मशीन विकायचं की नाही हे पुढच्या महिन्याच्या भरवशावर ठरतं, आजच्या पाकिटावर नाही. याला विरोधही असतो आणि तो पोकळ नाही. वस्तीत काहींनाच दिलंत तर भांडणं लागतात, आणि ज्याला मिळालं त्याला ती पुढे वर्षभर भोगावी लागतात. जिथे सगळेच जवळपास सारखे गाळात आहेत तिथे निवडायच्या भानगडीत न पडता सगळ्यांना थोडं थोडं देणंच शहाणपणाचं.

निवडायचंच असेल तर एका सापळ्यापासून सावध राहा. घरात टीव्ही आहे, दुचाकी आहे, म्हणून घर वगळू नका. मंदीतल्या नव्या गरिबाच्या घरात बऱ्या दिवसांतल्या वस्तू असतातच. दुचाकी असते, पेट्रोल नसतं. अशा वस्तूंवरून पाडलेल्या याद्या जुनी गरिबी ओळखतात, नवी नाही. उलट नव्या गरिबांच्या नादात जुने गरीबही विसरू नका. त्यांच्या "ठीक आहे"चा अर्थ "नेहमीसारखंच आहे" एवढाच असतो. दोन चुका होणारच: गरज नसलेला यादीत येईल, गरजू बाहेर राहील. पहिल्या चुकीत थोडे पैसे जातात, दुसरीत मशीन जातं. म्हणून चाळणीची भोकं मोठी ठेवा.

सरकारी योजनांचं विसरू नका. तुमच्या गटाचा पैसा कितीही म्हटला तरी त्यांच्यापुढे चिमूटभर. अमेरिकेत अन्नसाहाय्याच्या योजनेवर 2008 मध्ये सरासरी 2 कोटी 82 लाख लोक होते. मंदीनंतर ते वाढत 2013 मध्ये 4 कोटी 76 लाखांवर गेले. आकडा फुगला म्हणून तिथे ओरड झाली. माझ्या मते योजना तेव्हाच नीट चालत होती, कारण कमाई घटली की माणूस आपोआप पात्र ठरत होता, नवा कायदा येण्याची वाट बघावी लागत नव्हती. मेक्सिकोत 1994 च्या अखेरीस पेसो कोसळला आणि मुलांची शाळा व तपासणी यांच्याशी जोडलेली, आयांच्या हाती रोख देणारी योजना सुरू झाली ती 1997 मध्ये. पुढे ती जगभर नावाजली गेली, पण ज्या बायकांनी मधली अडीच वर्षं काढली त्यांना तिचा उपयोग नव्हता.

तुमच्याकडे असलेल्या योजनेत माणसं अडतात ती बहुधा कागदावर. नाव एकीकडे नोंदलेलं, माणूस कामासाठी दुसरीकडे. इथल्या यादीत नाही म्हणून इथे मिळत नाही, आणि इथे राहतो म्हणून तिथे मिळत नाही: आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. रोजगाराची योजना असली तरी गरोदर बाई, आजारी आणि म्हातारी माणसं खोदकामाला जाऊ शकत नाहीत, आणि मजुरी दोन महिन्यांनी मिळत असेल तर हातावर पोट असलेला माणूसही ते काम सोडून देतो. गटातल्या दोघांनी नुसते अर्ज भरून द्यायचं आणि खेटे घालायचं काम धरलं, तर वाटपाहून जास्त पैसा ते वस्तीत आणतील. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच कोणी करत नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या गटाच्या आवाक्याबाहेरची आहे, तिथे हात घालू नका. मुलाचा दंड लाल पट्टीत आला, किंवा दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबल्यावर खळगा तसाच राहिला, तर ते मूल त्याच दिवशी दवाखान्यात गेलं पाहिजे. पोटभर खाऊ घालून बरं करू, असं वाटतं. पण इतक्या कुपोषित मुलाला एकदम भरपूर अन्न दिलं तर शरीराला ते झेपत नाही आणि जिवावर बेतू शकतं. आईबरोबर कोणीतरी जा, कारण तिकडे बुडणारी दिवसाची मजुरी आणि घरी राहिलेली बाकीची मुलं, या दोन गोष्टींपायी ती अर्ध्या वाटेतून परत फिरते.

थांबायचं कधी, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. कामं परत सुरू झाल्याची बातमी आली की देणारे थांबतात, आणि बरीच घरं तिथेच पुन्हा घसरतात. पहिल्या पगारातून उधारी भागते, दुसऱ्यातून थकलेलं भाडं, तिसऱ्यातून गहाण पडलेलं काहीतरी सुटतं. अंडी आणि दूध त्यानंतर परततात. मी उधारीचा प्रश्न दर महिन्याला विचारत राहतो. सलग दोन महिने ती उतरलेली दिसली की त्या घराचं नाव काढतो आणि वाट बघत असलेल्या पुढच्या घराचं घालतो.

तुमच्याकडे घरं साधारण किती आहेत आणि पैसा किती महिने पुरेल एवढं लिहिलंत तर पहिल्या महिन्याची यादी कशी पाडायची ते सांगता येईल. पट्ट्या जवळच्या आरोग्य केंद्रात मागून बघा, आणि लावायला शिकवणारं कोणी असेल तर तासभर बसून शिकून घ्या. कापडासारखी ओढून घट्ट लावली की दंड बारीक भरतो आणि हिरव्यातलं मूलही पिवळ्यात जातं.